वाचक विचारतात : लॉर्डसाहेबांच्या ७६४ गाई

मागच्या अंकात एका विद्यार्थ्याला १८३२ च्या इंग्लंडमधल्या मतदान सुधारणेबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि जाता जाता म्हटलं होतं की हे बिल खालच्या सभागृहातून रेटून नेणारा लॉर्ड अल्थॉर्प स्वतःच मोठा जमीनदार होता. बस्, तेवढ्यावर पत्रं सुरू झाली. आपल्या भागात जमिनीचा विषय निघाला की कुणाला गप्प बसवत नाही, मग ती जमीन नॉर्थम्प्टनशायरची का असेना. त्यातली चार पत्रं घेतलीत, बाकीच्यांनी रागवू नये.

प्रश्न : लॉर्ड म्हणजे वरच्या सभागृहाचा मेंबर ना? मग हा खालच्या सभागृहात कसा? पोरगा केएएसचा (कर्नाटक प्रशासकीय सेवेच्या परीक्षेचा) अभ्यास करतोय, त्यानं विचारलं आणि मला काय सांगता येईना.
— एक वाचक, निपाणी

उत्तर : पोरगं हुशार आहे, बरोबर जागी बोट ठेवलंय. ह्या माणसाचं खरं नाव जॉन चार्ल्स स्पेन्सर, जन्म १७८२ चा. वडील दुसरे अर्ल स्पेन्सर, म्हणजे वरच्या सभागृहाचे जन्मानं मेंबर. पण बाप जिवंत असेपर्यंत थोरल्या मुलाला घराण्यातली एक खालची पदवी नुसती मानाची म्हणून लावायला मिळायची, तशी ह्याला 'व्हायकाउंट अल्थॉर्प' ही मिळाली. आपल्याकडे नाही का, वाड्यातले आजोबा धडधाकट असतात तरी नातू रस्त्यानं निघाला की लोक 'या देसाई' म्हणतात, पण उताऱ्यावर नाव आजोबांचंच! तसंच हे. कायद्याच्या नजरेत तो साधा माणूस, म्हणून कॉमन्सच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, निवडणुकीला उभा राहायला मोकळा.

तर १८०४ मध्ये बाविशीच्या आत-बाहेर तो ओकहॅम्प्टन नावाच्या गावातून निवडून आला, १८०६ ला केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या सीटवर उभा राहून पडला (पण तिथं त्याच्याही मागे पडलेला तिसरा उमेदवार म्हणजे पुढे पंतप्रधान झालेला पामर्स्टन, त्यामुळे पडल्याचं फार वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं), आणि त्याच वर्षापासून आपल्या घरच्या नॉर्थम्प्टनशायरचा खासदार झाला तो १८३४ पर्यंत. १८३० ला अर्ल ग्रे यांचं व्हिग, म्हणजे सुधारणेच्या बाजूच्या पक्षाचं, सरकार आलं त्यात तो अर्थमंत्री आणि कॉमन्सचा नेता, दोन्ही.

आता ह्या मानाच्या पदवीची गंमत बघा. १० नोव्हेंबर १८३४ ला वडील वारले. त्या क्षणी हा तिसरा अर्ल स्पेन्सर झाला आणि आपोआप वरच्या सभागृहात गेला, म्हणजे कॉमन्समध्ये सरकारचा नेताच उरला नाही. राजा चौथा विल्यम टपूनच बसला होता, त्यानं तेवढं निमित्त धरून चार दिवसांत, ग्रे यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या मेलबर्नचं अख्खं सरकार घरी पाठवलं. इंग्लंडच्या राजानं आपल्या मर्जीनं सरकार काढून टाकायची ती शेवटची वेळ. एका म्हाताऱ्याच्या मरणानं मंत्रिमंडळ पडलं असं पोराला सांगा, जन्मात विसरणार नाही.

नावाचा उच्चार स्पेलिंगप्रमाणे अल्थॉर्प, पण जुनी मंडळी ऑल्ट्रप म्हणायची. बेळगाव, बेळगावी आणि बेलगाम असं एका वाक्यात तीनदा म्हणणाऱ्या आपण ह्यावर वाद घालू नये.

प्रश्न : मालक म्हणवून घेणारे लई बघितले. हा साहेब सोता गोठ्यात जात होता काय नुसता बग्गीतनं फिरत होता? खरं सांगायचं तर आमची एक गाय २९० दिवस झाले तरी अजून व्यायला तयार न्हाई, त्या टेन्शनमधी मासिक चाळत बसलोय.
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : तुमची गाय आणि हा साहेब, दोघांचं नातं आहे असं सांगितलं तर हसाल, पण आहे. थांबा जरा, तिकडंच येतोय.

तरुणपणी हा शिकारीचा नादिष्ट. पायचली हंट म्हणून त्या भागातली नामांकित कोल्ह्याची शिकार, तिचा हा मास्टर, घोड्यावरून पडून पडून हाडं खिळखिळी झालेली, शिवाय मुष्टियुद्धाचं वेड. वडिलांचं वेड वेगळंच, ते पुस्तकं गोळा करायचे आणि इतकी केली की पुढं १८९२ ला तो सगळा संग्रह विकला तेव्हा मँचेस्टरमध्ये त्यावर एक आख्खी लायब्ररी उभी राहिली, जॉन रायलँड्स लायब्ररी. पोरानं मात्र आयुष्यभर पुस्तकापेक्षा गोठ्यावर जास्त जीव लावला. १८१४ ला लग्न झालं, एस्थर अॅक्लम नाव, तिच्या माहेरची नॉटिंगहॅमशायरमधली वाइझटन नावाची इस्टेट होती. १८१८ ला ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानंतर ह्यानं शिकार सोडली, पुन्हा लग्न केलं नाही आणि उरलेली सत्तावीस वर्षं काळे कपडे घातले. आणि वाइझटनला जाऊन गाई पाळायला लागला.

गाई शॉर्टहॉर्न जातीच्या. आखूड शिंगं, रंग तांबडा किंवा पांढरा नाहीतर दोन्हींची मिसळ. ह्या जातीची वंशावळीची वही १८२२ मध्ये छापून निघाली होती, कुठला वळू कुणाचा, आई कोण, आजी कोण, सगळं. आपल्याकडे चिंचलीच्या मायाक्काच्या जत्रेत खिलार खोंड बघताना म्हातारी माणसं शेपटी, वशिंड, खूर हात लावून बघत आणि 'हा अमक्याच्या वळूचा' म्हणून तोंडी सांगत, तेच तिकडं छापील. मंत्री असतानाही सकाळी टपाल आलं की हा आधी गोठ्याच्या कारभाऱ्याचं पत्र फोडायचा, राजकारणाची पत्रं मागनं. 'निसर्गानं मला गाई चारायला जन्माला घातलंय, लोक उगीच मंत्री करायला बघतात,' अशा अर्थाचं त्याच्या नावावर सांगतात ते मला पटतं. मे १८३२ मध्ये मतदान सुधारणेचं बिल अडलं आणि ग्रे सरकारनं राजीनामा दिला, देश पेटायच्या बेतात, आणि अर्थमंत्री काय करतोय तर नर्सरीत फुलझाडं निवडतोय आणि कुठलं कुठं लावायचं त्याची चित्रं काढून माळ्याला पाठवतोय! आठवडाभरात राजानं सरकारला परत बोलावलं, तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला असेल ते तुम्हीच बघा.

आता तुमच्या गाईचं. राजकारणातनं सुटल्यावर १८३८ मध्ये शेतकी सुधारणेसाठी मोठी संस्था निघाली, पुढं १८४० ला तिला राजाज्ञा मिळून ती रॉयल अॅग्रिकल्चरल सोसायटी झाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच. पहिलं प्रदर्शन १८३९ ला ऑक्सफर्डला भरलं. धारवाडच्या कृषीमेळ्याला आपण जातो त्या सगळ्या प्रकाराचं ते एक आजोळ म्हणा. ह्या संस्थेच्या पहिल्यावहिल्या जर्नलमध्ये साहेबांनी स्वतः एक लेख लिहिला, विषय काय, तर गाय किती दिवस गाभण राहते. ७६४ गाभण काळांच्या नोंदी! प्रत्येकीचं, वळू दाखवला ती तारीख आणि व्याली ती तारीख. आमच्या घरी हे काम आज्जीनं केलं, गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ आणि शेजारी तिथी, 'पंचमीला लागली' म्हणायची आणि नऊ महिने नऊ दिवस बोटावर मोजायची. साहेबांच्या तक्त्याचा मध्य कुठं येतो ठाऊक आहे? २८४-२८५ दिवस. मोजून बघा, नऊ महिने नऊ दिवसांच्या अगदी दारात. आमच्या आज्जीला ७६४ गाई लागल्या नाहीत, दोन पुरल्या.

पण आज्जीला जे माहीत नव्हतं ते त्यात आहे. सगळ्यात लवकर जिवंत वासरू झालं ते २२० व्या दिवशी, पण २४२ दिवसांच्या आत झालेलं एकही वासरू जगवता आलं नाही. आणि सगळ्यात लांबलेली गाय ३१३ दिवसांची. तेव्हा २९० म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. तरी डॉक्टरला दाखवून ठेवा, मी काय गुरांचा डॉक्टर नव्हे आणि साहेबही नव्हते.

आणि तुमचा मूळ प्रश्न राहिलाच, गोठ्यात जात होता का? जात होता, पण धारा काढायला आणि शेण उचलायला गडी होते. १८७०-८० च्या दरम्यान इंग्लंडमध्ये जमिनीची मोजदाद झाली तेव्हा ह्या घराण्याच्या नावावर सुमारे २७ हजार एकर निघाली. आपल्याकडे १९७४ च्या जमीन सुधारणा कायद्यानं कोरडवाहू असली तरी एका कुटुंबाला ५४ एकराच्या वर ठेवता येईना, त्या मापानं पाचशे घरांची जमीन एकाची. ती कसत होती कुळं, आणि वर्षाचा खंड यायचा वाड्यावर.

प्रश्न : त्या काळी तिकडं खासदाराला पगार नव्हता म्हणे. मग पदरचे पैसे घालून निवडून येऊन मिळायचं काय? का आतून सगळं आपल्यासारखंच?
— निवृत्त शिक्षक, शहापूर, बेळगाव

उत्तर : सर, पगार १९११ ला सुरू झाला, त्याआधी फुकट. उलट उभं राहायलाच जमीन लागायची, परगण्याच्या सीटला वर्षाला ६०० पौंड आणि शहराच्या सीटला ३०० पौंड जमिनीचं उत्पन्न दाखवा, हा नियम १८३८ पर्यंत होता, आणि कुठल्या ना कुठल्या मालमत्तेची अट १८५८ पर्यंत. म्हणजे गरिबाला दार बंदच. मिळायचं काय म्हणता, तर मान, ओळखी, कायदा आपल्या हातात. धान्याचंच घ्या, १८१५ च्या कॉर्न लॉनं परदेशी गहू देशात भाव ८० शिलिंगांवर गेल्याशिवाय आत येऊ द्यायचा नाही असं ठरवलं, संसदेत बसलेले बहुतेक सगळे जमीनदार, गहू महाग राहिला की कूळ खंड देऊ शकतं, हिशोब सोपा. आपल्याकडे उसाच्या दरावरून चिकोडी-रायबागला रस्ता अडतो तेव्हा निदान अडवणारा ऊस लावणारा असतो, तिकडं दर ठरवणारे खंड खाणारे होते. अल्थॉर्प शेवटी शेवटी धान्याचा व्यापार खुला करा म्हणू लागला होता, स्वतःच्या वर्गाच्या विरुद्ध, हे त्याच्या खात्यावर जमा धरायला पाहिजे.

मतदान तर उघड्यावर. मांडवात चढायचं, नाव सांगायचं, कुणाला मत ते मोठ्यानं सांगायचं आणि कारकून लिहून घेणार. गुप्त मतदान आलं १८७२ ला. आता कूळ मांडवात उभं आहे आणि मालकाचा माणूस खाली वही घेऊन, कुणाला मत देणार ते? आमच्या आज्ज्याचं उदाहरण सांगतो. आमच्याकडे एका वाड्याची जमीन अर्धेलीनं होती, आज्जा सांगायचा, मत द्यायला आम्ही सगळी कुळं एकाच गाडीतनं जायचो आणि गाडी वाड्याची असायची. पेटी गुप्त होती पण गाडी कुठं गुप्त होती? १९७४ नंतर फॉर्म नंबर सात, म्हणजे कसत असलेली जमीन कुळानं आपल्या नावावर मागायचा अर्ज, भरून ट्रिब्युनलपुढं उभं राहायची पाळी आली तेव्हा आज्जा तीन रात्री झोपला नाही, वाड्याविरुद्ध कागदावर अंगठा उठवायचा म्हणजे काय ते घरच्यांनी बघितलंय.

आता १८३२ च्या आधीचं चित्र. ओल्ड सेरम ही जवळजवळ ओसाड टेकडी, तिचे दोन खासदार. डनिच हे गाव बरंचसं समुद्रात गेलेलं, त्याचे दोन. आणि गिरण्यांनी गजबजलेलं मँचेस्टर, त्याचा एकही नाही! ओसाड गावाची सीट ज्या जमीनदाराच्या खिशात तो हवा त्याला बसवायचा. हे मोडायचं बिल मार्च १८३१ मध्ये आलं तेव्हा दुसऱ्या वाचनाला ३०२ विरुद्ध ३०१, एका मतानं वाचलं. ऑक्टोबरात लॉर्डांनी ४१ मतांनी पाडलं, ब्रिस्टल पेटलं, नॉटिंगहॅमचा किल्ला लोकांनी जाळला. शेवटी ७ जून १८३२ ला राजाची सही झाली, ५६ गावांच्या सीटा पूर्ण गेल्या.

ह्यात अल्थॉर्पचं काम काय, तर रात्र रात्र सभागृहात बसून एकेका कलमाला उत्तर देणं, आणि बोलण्यात तो बिलकूल हुशार नव्हता, अडखळायचा. एकदा विरोधकांतल्या क्रोकर नावाच्या पट्टीच्या वक्त्यानं आकड्यांचा पाऊस पाडून जोरदार भाषण ठोकलं. अल्थॉर्प उठला आणि म्हणाला की ह्याला खोडून काढणारे हिशोब मी केले होते, मला ते पक्के वाटले होते, पण आता ते कागद कुठं ठेवलेत सापडत नाहीत, तरी सभागृहानं माझं ऐकून दुरुस्ती फेटाळावी. आणि सभागृहानं फेटाळली! लोक त्याला 'प्रामाणिक जॅक' म्हणायचे. मला ही गोष्ट आवडते आणि खटकते पण. ज्याला मंत्रिपद नको, पगार नको, उद्या घरी गेला तर गाई वाट बघतायत, त्याला खोटं बोलायची गरजच काय? तो प्रामाणिकपणा त्याचा खराच होता, पण त्याचं भाडं कुळं भरत होती. त्याच्या जागी मँचेस्टरचा एखादा विणकर कागद हरवून उभा राहिला असता तर हसून हाकललं असतं.

प्रश्न : एवढं कौतुक कशाला? हे लोक तिकडं सुधारणा करत होते तेव्हा आमच्याकडे कित्तूरला काय केलं ते पण लिहा की.
— एक विद्यार्थिनी, चिकोडी

उत्तर : लिहितो, आणि बरं झालं विचारलंत.

आधी तिकडचं संपवतो. १८३३ चा फॅक्टरी कायदा त्याच्या नावानंच ओळखला जातो, रेशीम सोडून बाकी कापड गिरण्यांत नऊ वर्षांखालच्या पोरांना कामाला लावायचं नाही, नऊ ते तेरा वयाला आठवड्याला ४८ तासांच्या वर नाही आणि तपासायला चार इन्स्पेक्टर. आख्ख्या देशाला चार, पण सरकारी माणूस गिरणीच्या आत जायला लागला ही मोठी गोष्ट. त्याच वर्षी गुलामगिरी बंद करायचा कायदा झाला, त्यात २ कोटी पौंड नुकसानभरपाई ठरली ती गुलामांना नव्हे, मालकांना. १८३४ चा गरिबांचा कायदा ह्यानंच कॉमन्समध्ये मांडला, त्यातनं ती वर्कहाउसं, म्हणजे गरिबांना कामावर डांबायची घरं, फोफावली, नवरा एकीकडं, बायको एकीकडं, पोरं तिसरीकडं. आणि १८३४ लाच टोलपडल गावच्या सहा शेतमजुरांनी मजुरी घटते म्हणून एकी करून शपथ घेतली तर सात वर्षं काळ्या पाण्याला, ऑस्ट्रेलियात. गाईच्या वासराची तारीख लिहून ठेवणाऱ्या माणसाचं हे सरकार.

आता कित्तूर. सप्टेंबर १८२४ ला कित्तूरचे देसाई शिवलिंगरुद्र सर्जा वारले, मूल नव्हतं, दत्तक घेतला होता. कंपनीनं दत्तक मानला नाही, धारवाडचा कलेक्टर थॅकरे खजिन्याला कुलपं लावायला आला, २३ ऑक्टोबर १८२४ ला राणी चन्नम्मांच्या लोकांनी त्याला गोळी घातली. डिसेंबरात मोठी फौज आणून किल्ला घेतला. हे आपल्याकडं पोराटोरांना पाठ आहे.

त्याच्या शेजारी ही गोष्ट ठेवा. १ ऑक्टोबर १८४५ ला वाइझटनला आपले लॉर्डसाहेब वारले. मूल नव्हतं. पदवी, वाडा, कुळं, सगळं धाकटा भाऊ फ्रेडरिककडं गेलं आणि एकाही अधिकाऱ्यानं विचारलं नाही की वारस कोण, सनद दाखवा. त्यांच्याकडं थोरला, थोरल्याला नसेल तर धाकटा, ही रीत जमिनीला बांधूनच टाकलेली. आपल्याकडे दत्तक हा धर्मानं चालत आलेला वारस, तो चालेना. पुढं १८५२ मध्ये इनाम जमिनींच्या सनदा तपासणाऱ्या इनाम कमिशनला कायद्याचं बळ आलं आणि ह्याच भागातल्या घराघरांत पेट्या उघडून पिवळे पडलेले कागद शोधायची पाळी आली. आणि कंपनीला हिंदुस्थानवर आणखी वीस वर्षं राज्य करायची सनद दिली १८३३ मध्ये, अल्थॉर्प ज्यात अर्थमंत्री त्याच सरकारनं. त्याला कित्तूर कुठं आहे हे तरी माहीत होतं का, मला शंका आहे. ज्या गोष्टीसाठी इथं फौज आणली ती गोष्ट त्याच्या घरात एका अंत्ययात्रेत मिटली.

देसाई-इनामदार म्हणजे कुळांचे कनवाळू होते असं मात्र मी म्हणत नाही, आज्ज्याची गोष्ट वर सांगितलीच आहे.

थोडक्यात : अथणीच्या वाचकांनी विचारलंय की नॉर्थम्प्टनशायरला शेतीशिवाय काय होतं. चामडं! नॉर्थम्प्टन बुटांसाठी नावाजलेलं, तुमच्याकडं कोल्हापुरी चप्पल बनते आणि नाव कोल्हापूरचं होतं, त्यांच्या बुटांना निदान गावाचं नाव तरी मिळालं. संकेश्वरहून विचारलंय डायनाचा ह्याच्याशी काही संबंध का. आहे, ती त्याच धाकट्या फ्रेडरिकच्या वंशातली, अल्थॉर्पचा वाडा तिचं माहेर.

खानापूरच्या शेतकरी वाचकांना : अंक तुमच्या हातात पडेपर्यंत गाय व्यालेली असणार. एक सांगायचं राहिलं होतं. साहेबांनी तेही मोजलं होतं की लांबलेली गाय खोंड देते हा लोकांचा समज खरा का. फार लवकरच्या, फार उशिराच्या आणि जुळ्यांच्या नोंदी बाजूला काढल्या तर २८६ दिवसांपर्यंत व्यालेल्यांत २३३ कालवडी आणि २३४ खोंड, म्हणजे जवळजवळ बरोबरी. आणि २८६ च्या पुढं गेलेल्यांत कालवडी ९०, खोंड १५२. तुमची २९० वर होती. ट्रॅक्टर आल्यापासून खोंड कुणाला नको असतो ते ठाऊक आहे, तरी काय झालं ते एका कार्डावर कळवा, तारखेसकट.